झाकणावरचा हात

भूकंपमापक बसवून झाला की त्याच्या शेजारी उभं राहून उडी मारायची, असा त्या वेधशाळेत रिवाज होता. रिवाज कसला, सोय. डोंगरावर खड्डा खणून यंत्र ठेवलं, तारा जोडल्या, वरून लोखंडी झाकण घातलं, सगळं झालं. पण यंत्राचं म्हणणं खाली कचेरीत पोचतंय की नाही, हे वर उभ्या असलेल्या माणसाला कळणार कसं? म्हणून उडी. वरच्याने दोन्ही पाय उचलून धप्पकन आपटायचे, खाली पडद्यावरची रेघ टुणकन उठायची आणि वायरलेसवर उत्तर जायचं, "आली!" परदेशातून मोठमोठे विद्वान पाहुणे येत. त्यांनाही उडी चुकत नसे. टाय लावलेला माणूस डोंगरावर बेडकासारखा उडतो तेव्हा त्याची विद्वत्ता कुठे जाते कोण जाणे, पण रेघ मात्र त्याचीही तेवढीच उठते.

सगळ्यात जास्त उड्या पाणसळेंच्या नावावर होत्या. पाणसळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती बुडबुड्याची पट्टी. यंत्र सरळ बसलं की नाही हे तो बुडबुडा सांगतो, आणि या गृहस्थांचं अर्धं आयुष्य एक डोळा मिटून बुडबुड्याकडे बघण्यात गेलं होतं. पुढे पुढे ही खोड इतकी अंगात मुरली की कुणाकडे जेवायला गेले तरी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. यजमान म्हणत, "आले बघा पाणसळे!" तेच नाव चिकटलं.

त्यांची बायको त्याच कचेरीत खाली पडद्यांसमोर बसायची. डोंगरावरून येणाऱ्या रेघा वाचणं हे तिचं काम. हुद्द्याने ती नवऱ्याच्या वर होती, पण नोकरीला तो आधी लागलेला, त्यामुळे ती सगळ्यांची वहिनी झाली ती झालीच. वहिनींना त्याचं वाईट वाटत नसे. केसाहून बारीक रेघेतला फरक त्या चहा पितापिता ओळखत आणि ज्याला दिसत नसे त्याला खुशाल हसत.

ज्या डोंगरावर या सगळ्यांची पोटं चालत होती तो ज्वालामुखी होता. जागा होता, पण उठला नव्हता. कचेरीत त्याला सासरेबुवा म्हणत. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, "सासरेबुवांचा मूड काय आज?" तोंडाने बोलायचे नाहीत, सगळं आपणच ओळखायचं, म्हणून सासरेबुवा. यंत्रांनाही टोपणनावं होती. अगदी वर, डोंगराच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र म्हणजे गच्ची. पायथ्याच्या वस्तीजवळचं म्हणजे उंबरा. आणि खिंडीतलं, जे एखादा ट्रक गेला किंवा वारा सुटला तरी आकाशपाताळ एक करायचं, त्याचं नाव आत्याबाई.

त्या वर्षी सासरेबुवा फुगायला लागले. हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कलमापक असतो. एक किलोमीटर लांबीची फळी घ्या आणि तिच्या एका टोकाखाली एक नाणं सरकवा. जमिनीला तेवढा कल आला तरी ते यंत्र सांगतं. तर कलमापक रोज थोडा थोडा कल दाखवत होता. म्हणजे पोटात कुठेतरी शिलारस भरत होता. भरून वर येईल की तिथेच थंड होऊन बसेल, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. अशा वेळी एकही यंत्र बंद पडून चालत नाही, म्हणून पाणसळेंच्या डोंगरावरच्या फेऱ्या वाढल्या. आज बॅटरी बदल, उद्या तार बघ, परवा झाकणाखाली पाणी शिरलं का ते बघ. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण तक्रार नाही.

आणि मग डॉक्टरांना कंप सापडला. डॉक्टर म्हणजे वेधशाळेतला नवा शास्त्रज्ञ. डॉक्टरेट मिळवून आलेला, त्यामुळे शिपायापासून सगळे त्याला ताप आणि खोकल्याची औषधं विचारत आणि तो बिचारा दर वेळी लाल होऊन समजावून सांगे की मी तो डॉक्टर नव्हे. त्याने संगणकावर एक प्रोग्राम लिहिला होता. शिलारस भेगांतून सरकायला लागला की जमीन कधी कधी एका लयीत थरथरते. अशी थरथर महिनोन् महिन्यांच्या नोंदींतून हुडकून काढायची, हे त्या प्रोग्रामचं काम. त्याने ती हुडकली. मिनिटभराची, बारीक, एकसारखी. आधी क्वचित, मग दर आठवड्याला, आणि आता दोन दिवसांआड.

"कधी गच्चीवर, कधी उंबऱ्यावर, एकदा आत्याबाईवर," डॉक्टर घाईघाईने सांगत होता. "एका वेळी एकाच यंत्रावर येते. म्हणजे फार उथळ असणार. अगदी वर आलंय मॅडम."

मॅडम म्हणजे वेधशाळेच्या प्रमुख. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फुगवटा आणि थरथर अशा दोन्ही गोष्टी जमल्या की वस्ती हलवायची, असा नियम होता आणि सही त्यांची होती. गेल्या वर्षी त्यांनी एकदा सही केलीच होती. माणसं, गुरं, अंथरूण-पांघरूण, सगळं ट्रकांतून हलवलं आणि सासरेबुवा ढिम्म. लोक परतले तेव्हा उभी पिकं वाळून गेली होती. वस्तीतली एक दूधवाली सरळ कचेरीत येऊन म्हणाली होती, "बाई, पुढल्या वेळी खात्री करून या. दोनदा फसायला आम्ही काही खुळे नाही." ते वाक्य मॅडमच्या मनातून गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा खोटी धावपळ झाली तर तिसऱ्यांदा, खरोखरीच्या वेळी, एकही माणूस घराबाहेर पडणार नव्हता.

"वहिनी, तुम्ही एकदा नजर घाला," मॅडम म्हणाल्या. "दुपारी बैठक घेऊ. तोवर मला सांगा, हा डोंगरच आहे ना?"

वहिनींनी सगळ्या नोंदी एकाखाली एक लावल्या आणि बघत बसल्या. थरथर सुरेख होती. त्यात खोट काढावी असं काही दिसेना. पण एक गोष्ट त्यांना खटकली. शिलारस सरकतो तेव्हा कलमापकावर थोडी तरी खूण उमटते, आणि इथे त्या मिनिटांत कलमापक जिथल्या तिथे होता. मग त्यांना आणखी एक दिसलं. प्रत्येक थरथरीच्या जरा आधी रेघ एकदा टुणकन उठलेली होती.

उडी. दर वेळी आधी उडी.

दुरुस्ती चालू असतानाची नोंद संगणक धरत नसे. "उघडतोय" असा निरोप आला की थांबायचं, उडी आली की पुन्हा सुरू करायचं, असं ते होतं. म्हणजे उडीनंतरचं सगळं डोंगराचं, असं प्रोग्राम समजत होता. पण उडीनंतर पाणसळे काय करतात, हे प्रोग्रामला ठाऊक नव्हतं. वहिनींना ठाऊक होतं. लग्न नवं असताना, गुडघे धड असताना, त्या नवऱ्याबरोबर डोंगर चढत असत. "आली" ऐकू आलं की ते लगेच निघत नसत. झाकणाशेजारी बसून त्यावर तळहात टेकवून थोडा वेळ गप्प राहायचे. वहिनींनी एकदा विचारलं होतं, "हे काय?" तर म्हणाले, "झोपवतोय. इतका वेळ खुडबुड केली, जरा शांत होऊ दे." त्या वेळी त्या मनापासून हसल्या होत्या आणि त्याच दिवशी या माणसावर त्यांचा खरा जीव जडला होता. इतकी वर्षं तो हात कधी कुठल्या नोंदीत आला नव्हता. शांत हात यंत्राला दिसत नाही.

मग वहिनींना एकेक आठवायला लागलं. गेल्या काही महिन्यांत यांनी दाढी राखली होती. मुलगी व्हिडिओ कॉलवर हसली, "बाबा, हे काय ध्यान?" तर म्हणाले, "रोज कोण खरडत बसणार." गुंड्यांचे शर्ट कपाटात पडले होते आणि स्वारी टी-शर्ट घालून हिंडत होती. या वयात तरुण व्हायचं खूळ, म्हणून वहिनींनी चार लोकांत टोमणेही मारले होते. कपबशी बंद झाली होती. चहा मोठ्या पेल्यात, तोही अर्धाच. झोपताना उजवा हात उशीखाली दाबलेला. सगळं डोळ्यांसमोर होतं. त्यांनी त्या सगळ्याला वेगवेगळी कारणं लावली आणि त्या रेघा कधी एकाखाली एक लावून बघितल्या नाहीत. त्यांना स्वतःचा असा राग आला की समोरचा चहा तसाच सरकवून ठेवला.

पाणसळे त्या वेळी गच्चीवर होते. जेवणाची सुट्टी झाली, डॉक्टर डबा घेऊन बाहेर गेला, खोली रिकामी झाली. थोड्या वेळाने रेघ उठली.

"आली," वहिनी वायरलेसवर म्हणाल्या.

वायरलेसवर नवरा-बायको नसायचं, हा त्यांचा जुना करार होता. तिथे त्या 'कचेरी' आणि ते ज्या यंत्रापाशी असतील ते. त्यामुळे वरून आवाज आला, "आभारी आहे, कचेरी."

रेघ खाली बसली, सपाट झाली. वहिनी श्वास रोखून बघत राहिल्या. आणि मग ती आली. बारीक, एकसारखी, दाणे ओवावे तशी.

"गच्ची," वहिनी म्हणाल्या. "हात झाकणावर आहे का?"

"आहे," वरून उत्तर आलं.

"उचला."

रेघ सपाट झाली.

"आता ठेवा."

थरथर पुन्हा सुरू झाली. मग त्यांनी हात आणखी एकदा उचलून ठेवला, न सांगता. आता वर कळलं होतं आणि खालीही कळलं होतं.

"दिसतंय वाटतं तिथे," वरून आवाज आला.

"दिसतंय."

"मला वाटलं नव्हतं, इतकं दिसत असेल."

वहिनींना पुष्कळ बोलायचं होतं. पण हवेत सगळ्या जगाने ऐकावं असं त्यातलं काही नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, सावकाश उतरा." वायरलेसवर 'अहो' त्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या.

ते उतरेपर्यंत वहिनींचा जीव टांगणीला लागला होता. जीप आवारात शिरली तशा त्या जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं. पाणसळेंनी उजवा हात मांडीखाली घातला होता.

"काढा तो," वहिनी म्हणाल्या. "कोंडून ठेवलाय बिचाऱ्याला."

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. तो थरथरायला लागला. बोटं काहीतरी चोळत असल्यासारखी हलत होती.

"काम करताना थांबतो," ते म्हणाले. "स्क्रू पिळताना, तार जोडताना काही नाही. टेकवला की सुरू. म्हणून वाटलं, आणखी थोडे दिवस निभेल."

"दाखवलंत कुणाला?"

"बॅटऱ्या आणायला गेलो होतो ना शहरात, तेव्हा. कंपवात म्हणाले. गोळ्या चालू आहेत. माझ्या हत्यारांच्या पेटीत असतात."

"मला का नाही सांगितलंत?"

पाणसळे समोरच्या काचेतून डोंगराकडे बघत राहिले. "तू दिवसभर कंपच वाचत बसतेस," ते म्हणाले. "म्हटलं, घरी आल्यावर तरी तुला सुट्टी असू दे."

यावर रागवावं की रडावं हे वहिनींना कळेना. त्यांनी दोन्ही केलं. डोळे पुसत नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली आणि तोच दंड धरून बसल्या. मग त्यांच्यातली कचेरी जागी झाली. बैठकीला फार वेळ उरला नव्हता.

"ऐका. मी सांगते, तारांत पाणी शिरलं होतं. आत्याबाईचं मागे झालंच होतं तसं. यंत्रं बिघडलेली, थरथर खोटी. वस्ती हलणार नाही आणि तुमचंही कुणाला कळणार नाही. तुम्ही गुडघ्याचं निमित्त काढून खालचं काम मागून घ्या."

सोय उत्तम होती. कुणाचं नुकसान नव्हतं. वहिनींना वाटलं, हे हो म्हणतील.

"यंत्रं बिघडलेली?" पाणसळे म्हणाले. "अगं, हलत होतं तेच त्यांनी सांगितलं. उद्या सासरेबुवा खरंच हलायला लागले, तर तो डॉक्टर म्हणेल, पाणी शिरलं असेल. एक दिवस वाट बघू म्हणेल. आणि खाली वस्तीत माणसं झोपलेली असतील." ते जीपचं दार उघडून उतरले. "चल. तू नको सांगूस. मीच सांगतो."

बैठकीत मॅडम होत्या, डॉक्टर होता, ट्रकांचा बंदोबस्त करणारे दोघं होते. डॉक्टरने पडद्यावर थरथर लावून ठेवली होती. पाणसळे आत आले. त्यांनी आधी सवयीने भिंतीवरचा नकाशा सरळ केला. मग खुर्ची ओढून बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला. जवळच्या ग्लासातलं पाणी हलायला लागलं.

"हा घ्या तुमचा शिलारस," ते डॉक्टरला म्हणाले.

डॉक्टर पाण्याकडे बघत होता, मग पडद्याकडे, मग पुन्हा पाण्याकडे. ती लय त्याच्याइतकी कुणाला पाठ नव्हती. त्याचा चेहरा पडला. इतके महिने ज्या शोधाने त्याची झोप उडाली होती तो शोध समोर बसून त्याच्याकडे बघून हसत होता. "पाणसळेकाका," तो कसाबसा म्हणाला, "मी... मी तो डॉक्टर असतो तर बरं झालं असतं."

मॅडमनी हात पुढे केला आणि टेबलावरच्या त्या हातावर ठेवला. थरथर मंदावली.

"धरला की जरा थांबतो," पाणसळे म्हणाले.

वस्ती हलवायची नाही, असं ठरलं. फुगवटा खरा होता, त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं होतं. पण ट्रक परत गेले. आणि पाणसळेंचं डोंगरावर जाणं त्या दिवसापासून बंद झालं. मॅडमनी ते फार हळू आवाजात सांगितलं. पाणसळेंनी मान डोलावली. घरी आल्यावर त्यांनी बुटांवरची माती कितीतरी वेळ खरवडून काढली, फडक्याने बूट पुसले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या आल्या आणि कपबशी काढून भरून चहा दिला. सांडला तेवढा सांडला. बशीत होता तो वहिनी प्यायल्या.

पुढे कलमापकाची रेघ हळूहळू खाली येऊ लागली. सासरेबुवांनी या खेपेला राग गिळला होता. उंबऱ्याचं यंत्र जुनं झालं होतं, नवं बसवायचं होतं. डॉक्टर निघाला तशा वहिनीही निघाल्या. उंबऱ्यापर्यंत जीप जाते, गुडघ्यांची सबब चालणार नव्हती. त्यांच्या खुर्चीत पाणसळेंना बसवलं. "काही हलवू नका तिथलं," असं बजावून गेल्या, तरी पाणसळेंनी पडदा जरासा सरळ केलाच.

खड्ड्यात यंत्र बसवायला डॉक्टरला बराच वेळ लागला. बुडबुडा काही केल्या मध्ये येईना. वायरलेसवरून पाणसळे सांगत होते, "डाव्या पायाचा स्क्रू अर्धं पेर पीळ. फार झालं. माघारी घे. आता श्वास सोड." बुडबुडा आला. झाकण पडलं. वस्तीतली ती दूधवाली कडेला उभी राहून हे सगळं बघत होती.

"हलायचं का आम्ही, बाई?" तिने विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "हलायचं असेल तेव्हा मी स्वतः येऊन सांगेन. तेव्हा मात्र वाद नाही घालायचा."

दूधवालीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही आलात तर नाही घालणार," असं म्हणून ती आपल्या गुरांमागे गेली.

डॉक्टर सामान जीपमध्ये टाकायला वळला. वहिनींनी साडीचा पदर खोचला, इकडेतिकडे बघितलं आणि उडी मारली. गुडघ्यातून कळ गेली.

"आली!" वायरलेसवर आवाज आला. आणि जरा थांबून, "कचेरीचं म्हणणं आहे, उंबऱ्याने गोड कमी खावं."

वहिनी हसल्या. मग खाली बसल्या आणि झाकणावर तळहात टेकवला. लोखंड उन्हाने कोमट झालं होतं. इतकी वर्षं या माणसाने एकट्याने डोंगरभर हिंडून प्रत्येक झाकणावर असा हात ठेवला होता आणि आता तो पुन्हा कधी ठेवणार नव्हता. बैठकीत, घरी, दवाखान्यात, कुठेच वहिनींनी आपल्याला सैल सोडलं नव्हतं. इथे आजूबाजूला कुणी नव्हतं.

"उंबरा," वायरलेस बोलला. "हात झाकणावर आहे का?"

"आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी हात तसाच राहू दिला. मग, सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा त्या हवेतून, हळूच आवाज आला.

"अगं, रडू नकोस. सगळं दिसतंय मला इथे."